कॉलेज फुटबॉल: मोठा विजय की कठीण शेड्यूल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतही कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा विषय शिरतो. मुलगी कॉलेजसाठी ॲन आर्बरला असते, भाचा ऑस्टिनला, आणि शनिवारी दुपारी दोघांपैकी कोणीही फोन उचलत नाही. हळूहळू आई-वडीलही टीव्हीसमोर बसायला लागतात, टचडाऊन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) आणि फील्ड गोल (लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवणं) कळायला लागतात. कळत नाही ते एवढंच, की “जिंकले खरे, पण खेळले कोणाशी?” या एका वाक्यावरून लोक इतके हातघाईवर का येतात. त्यांच्यासाठी हे पान.

मुळात भांडण कशावरून आहे?

वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२५ साली १३६ संघ होते. नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला १२ सामने, त्यातले आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे ठरलेल्या गटातल्या, संघांशी. म्हणजे देशातल्या शंभराहून जास्त संघांशी तुमची गाठच पडत नाही. अशा वेळी गुणतालिका मांडून प्लेऑफसाठी, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी, बारा संघ काढायचे कसे? ते काम १३ जणांची निवड समिती करते. टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात बसून, चर्चा आणि मतदान करून.

त्यांच्यासमोर दरवर्षी तोच पेच असतो. एक संघ सगळ्यांचा फडशा पाडून आलेला, पण समोर बहुतेक लिंबूटिंबू. दुसरा तीन ठिकाणी आपटलेला, पण खेळला तो दादा संघांशी. वर कोणाला ठेवायचं?

मोठ्या फरकाने जिंकणं हा ताकदीचा पुरावा नाही का?

आहेच. तीन गुणांनी जिंकलेला सामना चेंडूच्या एका उलटसुलट टप्प्याने हरलाही असता. तीस गुणांच्या विजयाचं तसं होत नाही. म्हणून पुढचा सामना कोण जिंकेल याचा अंदाज बांधणारी गणितं, उदाहरणार्थ एसपी प्लस किंवा ईएसपीएनचं एफपीआय, नुसत्या जय-पराजयावर थांबत नाहीत. प्रत्येक चालीत किती यार्ड मिळाले, किती सातत्याने मिळाले, हे ती पाहतात. आणि निकाल लागून गेल्यावर, राखीव पोरं मैदानात असताना झालेल्या गुणांना फारशी किंमत देत नाहीत.

पण फरकालाच देव मानलं की काय होतं तेही इतिहासात आहे. ७ ऑक्टोबर १९१६ ला अटलांटात जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असं हरवलं. कंबरलँडने त्या वर्षी फुटबॉल जवळजवळ बंदच केलं होतं; सामना सोडला तर दंड भरावा लागेल म्हणून कशीबशी माणसं गोळा करून ते आले होते. टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइसमन, ज्याच्या नावाचा करंडक आज सर्वोत्तम खेळाडूला मिळतो. नुसती गुणांची बेरीज करून संघांची प्रतवारी लावणाऱ्या पत्रकारांना त्याला धडा शिकवायचा होता, असं सांगतात.

धडा फारसा कोणी घेतला नाही. पुढे बीसीएसच्या, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या निवडपद्धतीच्या, काळात (१९९८ ते २०१३) संगणकी क्रमवारीत विजयाचा फरक आधी धरला जायचा. मग संघ मुद्दाम गुण फुगवतील या भीतीने २००२ पासून तो पूर्ण वगळला. हा उपाय मला तरी रोगापेक्षा वाईट वाटतो. ७-६ आणि ५२-१० हे दोन विजय सारखेच मानणारं गणित डोळे मिटून बसलेलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर रणजीचा २०१८-१९ चा मोसम घ्या. बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा एका मोसमातल्या ६४ बळींचा विक्रम मोडला. पण बिहार होता प्लेट गटात, बहुतेक नव्याने आलेल्या संघांमध्ये. ६८ हा आकडा खरा, मेहनत खरी, आणि तरीही “समोर फलंदाज कोण होते?” हा प्रश्न कोणी विचारला तर तो आकस नव्हे. कॉलेज फुटबॉलमध्ये हा प्रश्न दर शनिवारी येतो.

शेड्यूल कठीण होतं हे मोजतात कसं?

जुनी पद्धत सोपी होती. बीसीएसच्या सुरुवातीच्या सूत्रात तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला दोन तृतीयांश वजन होतं आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयाला एक तृतीयांश. २००४ मध्ये हा वेगळा घटक काढून टाकला, कारण संगणकी क्रमवाऱ्यांत तो आधीच मिसळलेला होता. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येक संघाला एक मानांकन देतात आणि तुमच्या बारा प्रतिस्पर्ध्यांच्या मानांकनांची सरासरी काढतात.

खरी गोम त्या सरासरीत आहे, आणि टीव्हीवर ती कोणी उलगडून सांगत नाही. समजा दोन संघांना दोन-दोन सामने खेळायचेत. पहिल्याचे प्रतिस्पर्धी देशात ३ रा आणि १२५ वा. दुसऱ्याचे दोन्ही ६४ वे. सरासरी दोन्हीकडे ६४, म्हणजे कागदावर शेड्यूल सारखंच कठीण.

आता विजेतेपदाच्या लायकीचा संघ पहिल्या जागी ठेवा. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला तो, समजा, शंभरात ५५ वेळा हरवेल आणि १२५ व्याला जवळजवळ नेहमीच. दोन्ही सामने जिंकण्याची शक्यता झाली ५५ टक्क्यांच्या आसपास. तोच संघ दुसऱ्या जागी ठेवला, आणि ६४ व्या संघाला तो शंभरात ९५ वेळा हरवतो असं धरलं, तर दोन्ही जिंकण्याची शक्यता ९० टक्के. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) सरासरी तीच, पण एका वाटेवर निम्म्या वेळा डाग लागतो आणि दुसरीवर दहातून एकदा.

मधल्या फळीतल्या संघाला मात्र दोन्ही वाटा सारख्याच: पहिलीवर एक हार नक्की आणि एक विजय नक्की, दुसरीवर दोन बरोबरीच्या लढती. दोन्हीकडे सरासरी एक विजय. म्हणून “आमचं शेड्यूल देशात अमुक क्रमांकाचं कठीण” असं कोणी फेकलं की आधी विचारावं, कठीण कोणासाठी? वरच्या संघाला १०० वा आणि १३० वा यांत काही फरक पडत नाही. त्याला फरक पडतो तो पहिल्या दहांतल्या किती जणांशी गाठ पडली याचा.

‘स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड’ हे आणखी काय प्रकरण?

वरच्या अडचणीवरचं सगळ्यात शहाणं उत्तर. प्रश्न असा विचारायचा: पहिल्या पंचविसांतला एखादा सर्वसाधारण चांगला संघ याच बारा जणांशी खेळला असता, तर त्याला हीच किंवा याहून चांगली कामगिरी जमण्याची शक्यता किती? शक्यता जेवढी कमी तेवढं तुमचं कर्तृत्व मोठं. यात कठीण शेड्यूलचं श्रेय मिळतं, पण ते सामने जिंकले तरच; नुसतं मैदानात उतरल्याबद्दल नाही.

२०२५ च्या मोसमापासून निवड समितीनेही ‘रेकॉर्ड स्ट्रेंथ’ नावाचा या जातीचा आकडा वापरायला घेतला. बलाढ्य संघाला हरवलं तर जास्त बक्षीस, त्याच्याकडून हरलात तर कमी शिक्षा, कमजोर संघाकडून हरलात तर चांगलीच. देर आए.

मोठे संघ एवढ्या लहान कॉलेजांशी खेळतातच कशाला?

पैसा आणि घरचं मैदान. लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम असेल तर घरच्या प्रत्येक सामन्याची कमाई प्रचंड असते. लहान कॉलेजला ठरावीक रक्कम देऊन बोलवायचं, हरवायचं, घरी पाठवायचं. लहान कॉलेजचं वर्षाचं बजेट त्यातून उभं राहतं. मार बसणार हे दोघांनाही ठाऊक असतं.

कधीकधी पैसे घेऊन पाहुणेच मारून जातात. १ सप्टेंबर २००७ ला ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्याच मैदानात ३४-३२ हरवलं. तेव्हा ॲपलाचियन एफबीएसमध्येही नव्हतं, खालच्या गटात होतं. मिशिगनचा शेवटचा फील्ड गोलचा प्रयत्न त्यांनी हाताने अडवला आणि स्टेडियम गप्प झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला १६-१४ असं त्यांच्याच घरी लोळवलं. गंमत म्हणजे त्या मोसमात नोत्र दाम थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलं.

मग संघ मुद्दामच सोपं शेड्यूल घेतात का?

काही घेतात, आणि त्याची शिक्षा होतेच असं नाही. मिशिगनने यूसीएलएबरोबरची ठरलेली मालिका रद्द केली आणि २०२३ मध्ये कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही आणि बोलिंग ग्रीन यांच्याशी खेळले. पहिले नऊच्या नऊ सामने किमान २४ गुणांच्या फरकाने जिंकले. “अजून कोणाशी खेळलेच नाहीत” असं नोव्हेंबरपर्यंत सगळे म्हणत होते. मग पेन स्टेटला पेन स्टेटच्या मैदानात २४-१५ हरवलं, आणि तेही उत्तरार्धात चेंडू जवळजवळ न फेकता, नुसतं धावून. ओहायो स्टेटला ३०-२४. पुढे अलाबामा, शेवटी वॉशिंग्टनला ३४-१३, आणि १५-० (पंधरा विजय, शून्य पराभव) असं विजेतेपद. (त्या वर्षी प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याचं प्रकरणही गाजलं, तो वेगळा वाद.)

पण सगळं संघाच्या हातात नसतं. बाहेरचे सामने पाच-सात वर्षं आधी ठरतात. ठरवताना समोरचा संघ वाघ असतो, प्रत्यक्ष सामन्याच्या वेळी शेळी झालेला असतो. एका मोसमातही हे घडतं. २०२५ च्या सुरुवातीला पेन स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. ऑक्टोबरमध्ये ओळीने हरले, प्रशिक्षकाला घरी पाठवलं, आणि नोव्हेंबरमध्ये इंडियानाने शेवटच्या क्षणी २७-२४ असा विजय खेचून आणला तेव्हा त्याची किंमत पार उतरली होती. इंडियानाने शेड्यूल बदललं नव्हतं. शेड्यूल आपोआप बदललं.

टेक्सासची तक्रार काय होती?

२०२५ मध्ये टेक्सासने मोसमाची सुरुवातच कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटशी केली आणि ७-१४ हरले. शेवटी ९-३ वर थांबले आणि प्लेऑफबाहेर राहिले. प्रशिक्षक स्टीव्ह सार्किजियन यांचं म्हणणं असं की त्या जागी एखादा सोपा संघ घेतला असता तर आम्ही १०-२ असतो आणि आत असतो. मग पुढे कोणी मोठ्यांशी कशाला खेळेल?

मुद्दा बिनतोड वाटतो, पण अर्धाच आहे. ओहायो स्टेटकडून झालेल्या पराभवाबद्दल त्यांना कोणी फारसं धारेवर धरलं नाही. त्यांचा घात केला फ्लोरिडाने. मोसमाअखेर ४-८ वर राहिलेल्या संघाकडून २१-२९ हरल्यावर कठीण शेड्यूलचा दाखला देता येत नाही.

सोपं शेड्यूल खेळून कोणी राष्ट्रीय विजेता झालंय का?

हो, ब्रिगहॅम यंग, १९८४. १३-०. पहिल्याच सामन्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पिट्सबर्गला हरवून गाजले, पण पिट्सबर्ग त्या वर्षी पुढे तीनच सामने जिंकलं. त्यांच्या कॉन्फरन्सच्या विजेत्याची जागा सॅन दिएगोच्या हॉलिडे बाउलमध्ये (बाउल म्हणजे मोसमाअखेरचा निमंत्रित संघांचा सामना) ठरलेली असे. तिथे समोर आलं ६-५ असं साधारण मिशिगन, त्याला २४-१७ हरवलं. बाकीचे बडे एकेक करून हरत गेले होते, एकटं ब्रिगहॅम यंग अपराजित उरलं. वॉशिंग्टनवाले आजही हळहळतात: त्यांनी ११-१ कामगिरी करून ऑरेंज बाउलमध्ये ओक्लाहोमाला हरवलं होतं. माझं मत विचाराल तर त्या वर्षीचा जास्त ताकदवान संघ वॉशिंग्टन असावा. पण न हरलेल्याला बाजूला सारायला “असावा” पुरत नाही.

२०१७ चं सेंट्रल फ्लोरिडा? ते स्वतःला राष्ट्रीय विजेते म्हणवतात.

आणि डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूकही काढली! १२-० असूनही समितीने त्यांना १२ व्या क्रमांकावर ठेवलं. मग पीच बाउलमध्ये त्यांनी ऑबर्नला ३४-२७ हरवलं. हे तेच ऑबर्न, ज्याने त्याच मोसमात जॉर्जियालाही हरवलं होतं आणि अलाबामालाही. आणि अंतिम सामना झाला तो जॉर्जिया विरुद्ध अलाबामा. विजयाचा फरक न धरणाऱ्या कॉली मॅट्रिक्स या संगणकी क्रमवारीने सेंट्रल फ्लोरिडाला पहिला क्रमांक दिला.

“त्याने याला हरवलं, याने त्याला” अशी साखळी ओढत गेलं तर कोणीही कोणाहून मोठा ठरतो, त्यामुळे मिरवणुकीचा पुरावा कच्चा. पण तक्रार पक्की होती. मोठे संघ त्यांच्याशी खेळायला तयार होत नाहीत, आणि मग मोठ्यांशी खेळला नाहीत म्हणून मागे ठेवलं जातं. बोईसी स्टेटने २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये ओक्लाहोमाला ४३-४२ हरवलं तेव्हापासूनचं हे रडगाणं आहे. कोंडी फुटली २०२१ मध्ये, सिनसिनाटीने नोत्र दामला त्यांच्या घरी जाऊन २४-१३ हरवलं आणि तेव्हाच्या चारच संघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळवली तेव्हा. उपांत्य सामन्यात अलाबामाने त्यांना ६-२७ हरवलं, ते निराळं.

फ्लोरिडा स्टेटवर २०२३ मध्ये अन्याय झाला का?

झाला. या प्रश्नावर मी तटस्थ नाही.

१३-०, एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सचे विजेते. पहिल्या सामन्यात एलएसयूवर ४५-२४ असा विजय, क्लेम्सनला त्यांच्या मैदानात जादा वेळेत ३१-२४. १८ नोव्हेंबरला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. पुढे दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या डोक्याला मार लागला, आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा तिसरा पोरगा घेऊन त्यांनी लुईव्हिलला १६-६ हरवलं. आक्रमण चालेना, तर बचावफळीने सामना ओढून आणला. दुसऱ्या दिवशी समितीने चार नावं जाहीर केली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची प्लेऑफच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे लोकांना दिसलं असतं, असं ट्रॅव्हिसने त्यानंतर लिहिलं.

नियमांत प्रमुख खेळाडूच्या गैरहजेरीचा विचार करायची मुभा आहे, हे समितीचं म्हणणं खरं. पण २०१४ आठवा. ओहायो स्टेटही तिसऱ्या क्वार्टरबॅकवर आलं होतं. त्यांनी विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं आणि चौथी जागा पटकावली. त्याच दिवशी आयोवा स्टेटला ५५-३ चिरडणारं टीसीयू तिसऱ्यावरून सहाव्यावर घसरलं. ओहायो स्टेट पुढे विजेतेपद घेऊन गेलं. म्हणजे तिसरा क्वार्टरबॅक चालतो, पण ५९-० दाखवा. १६-६ चालणार नाही. इथे निकष शेड्यूलचा राहिला नाही, देखणेपणाचा झाला.

“पण मग ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून ३-६३ हरलेच ना?” हे उत्तर नेहमी येतं. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते. बाहेर ठेवल्यावर कोण कशासाठी हातपाय मोडून घेईल? त्या स्कोअरवरून ३ डिसेंबरचा निर्णय बरोबर ठरवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एसईसीतले तीन पराभव इतरांच्या एका पराभवाबरोबर, हे खरं का?

एसईसी म्हणजे अलाबामा, जॉर्जिया अशा बड्या संघांची कॉन्फरन्स. हा दावा कधी खरा, बहुतेकदा फुगवलेला. २०२४ मध्ये प्लेऑफची शेवटची जागा अलाबामाला (९-३) द्यायची की एसएमयूला (११-२) यावर रण माजलं. एसएमयू कॉन्फरन्सचा अंतिम सामना क्लेम्सनकडून ५६ यार्डांवरून मारलेल्या शेवटच्या किकवर ३१-३४ हरलं होतं. अलाबामाने जॉर्जियाला हरवलं होतं हे मान्य, पण वँडरबिल्टकडून ३५-४० आणि ६-६ वर राहिलेल्या ओक्लाहोमाकडून ३-२४ हा मार काही कठीण शेड्यूलचा नव्हे. समितीने एसएमयूला घेतलं. पेन स्टेटने त्यांना ३८-१० धुतलं आणि सगळे “बघा!” म्हणाले. दहा दिवसांनी अलाबामा आपल्या बाउलमध्ये मिशिगनकडून हरलं, तेव्हा मात्र “बघा” म्हणणारे दिसले नाहीत.

इंडियानाने हा वाद मिटवला म्हणतात, ते कसं?

मिटवला नाही, पण पुष्कळांची तोंडं बंद केली. देशात सर्वाधिक पराभव झालेल्या संघांत इंडियानाचं नाव वर्षानुवर्षं वर असे. २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी ११-१ करून दाखवलं. लोक म्हणाले, शेड्यूल मऊ. ओहायो स्टेटकडून १५-३८ आणि प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून १७-२७ हरले, तेव्हा टीकाकारांना बरंच वाटलं.

२०२५ मध्येही कॉन्फरन्सबाहेरचे सामने कोणाशी? ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. पुन्हा तीच कुजबुज. पण मग इलिनॉयला ६३-१०, ओरेगनच्या घरी जाऊन ३०-२०, बिग टेन या आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१०. प्लेऑफमध्ये अलाबामाला ३८-३, ओरेगनला पुन्हा ५६-२२, आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला मायामीच्याच स्टेडियममध्ये २७-२१. १६-०. सप्टेंबरमधले ते तीन सामने आता कोणी काढत नाही.

मोठा फरक आणि कठीण शेड्यूल, दोन्ही एकत्र कोणाकडे होतं?

नेब्रास्का १९९५. सगळ्यात कमी फरकाचा विजय १४ गुणांचा, मोसमाअखेर पहिल्या दहांत राहिलेल्या चार संघांवर मात, आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाच्या फ्लोरिडाला ६२-२४. त्याखालोखाल एलएसयू २०१९: १५-०, पहिल्या दहांतल्या सात संघांवर विजय, जो बरोचे ६० टचडाऊन पास. या दोघांवर वाद घालायला कोणी उरत नाही.

बारा संघांच्या प्लेऑफने हे भांडण संपलं नाही का?

नाही, जागा बदलली. पूर्वी चौथा-पाचवा भांडायचे, आता अकरावा-बारावा-तेरावा. २०२५ मध्ये १०-२ असलेलं नोत्र दाम बाहेर आणि १०-२ असलेलं मायामी आत, कारण पहिल्याच आठवड्यात मायामीने त्यांना २७-२४ हरवलं होतं. नोत्र दामने चिडून बाउल खेळायलाच नकार दिला. मला यात काही वादग्रस्त दिसत नाही. समोरासमोर सामना झालेला असताना गणित कशाला काढायचं?

मित्रांशी वाद घालायचा तर आधी काय पाहू?

पहिल्या पंचविसांतल्या संघांशी किती सामने, त्यातले किती दुसऱ्याच्या मैदानात. मग सगळ्यात वाईट पराभव कोणाकडून. मग सामन्याच्या चार डावांपैकी तिसऱ्या डावाअखेरचा फरक. शेवटचा नाही, कारण चौथ्या डावात राखीव खेळाडू येतात. खालच्या गटातल्या कॉलेजवरचा ७०-० विजय सरळ पुसून टाका. आणि समोरचा एसईसीवाला असेल तर त्याला आठवण करून द्या, की ते आतापर्यंत कॉन्फरन्समध्ये आठच सामने खेळत आले, बिग टेन नऊ. २०२६ पासून एसईसीही नऊ खेळणार आहे, तेव्हा हा मुद्दा वापरायचा असेल तर लवकर वापरा.